विकलेल्या गाडीवरचा आपला नंबर

गाडी विकली तरी नंबर आपल्याकडेच राहावा, ही मागणी आपल्याकडे आजवर केली ती हौशी लोकांनी. ०००१ किंवा ९९९९ साठी ज्यांनी लाखो रुपये मोजले, त्यांना जुनी गाडी काढताना नंबरावरचा जीव सुटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये चंडीगडच्या एका गृहस्थांनी ७१ हजारांच्या स्कूटरसाठी ०००१ हा नंबर १५ लाख ४४ हजारांना घेतला. एप्रिल २०२५ मध्ये केरळात ०००७ वर ४५ लाख ९९ हजारांची बोली गेली. अशा बातम्या वाचून आपण हसतो आणि पान उलटतो. त्यामुळे नंबर राखून ठेवणे म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, ही समजूत पक्की झाली आहे. आपल्या परिवहन खात्यांनीही ती तशीच जोपासली. काही राज्यांत फी भरून जुना नंबर नव्या गाडीवर घेता येतो. ती सोय मुख्यतः नंबराच्या शौकिनांनाच माहीत असते.

माझे म्हणणे वेगळे आहे. ही सोय खरी हवी आहे ती ज्याला आपल्या गाडीचा नंबर धड पाठही नाही, त्याला. पोराला नवी गाडी घेतली म्हणून ज्याने आपली जुनी स्प्लेंडर ओळखीच्या मेकॅनिकमार्फत कुणाला तरी देऊन टाकली, त्याला. गाडी विकताना नंबरपाटी विकणाऱ्याने काढून न्यावी, घेणाऱ्याने स्वतःच्या नावावर स्वतःचा नंबर आणावा, आणि हा नियम सर्वांना सरसकट लागू असावा, इतकी साधी ही मागणी आहे.

आपल्याकडे जुनी गाडी विकली जाते कशी, ते आधी पाहू. व्यवहार ठरतो, टोकन दिले जाते, मग एजंट किंवा दलाल आरटीओतले नाव बदलायचे फॉर्म पुढे करतो. २९ नंबरच्या दोन प्रती आणि ३० नंबरचा फॉर्म. 'इथे, इथे आणि इथे सही करा, बाकीचे मी बघतो.' घेणाऱ्याचे नाव लिहायची जागा कोरी असते. त्याबद्दल विचारले तर 'पार्टी अजून फायनल व्हायचीय' असे उत्तर मिळते. सोबत एक ताबा पावती होते, क्वचित स्टँपपेपरवर. पैसे हातात, आरसी बुक आणि किल्ल्या समोरच्याच्या हातात. विकणारा घरी येतो आणि गाडी आपल्या आयुष्यातून गेली असे समजून चालतो.

ती गेलेली नसते. कोऱ्या जागेचा तो फॉर्म गाडीसोबत फिरू लागतो. दलालाला गाडी स्वतःच्या नावावर करायची नसते, कारण तसे केले की पुढच्या गिऱ्हाइकाला ती 'सेकंड ओनर' म्हणून विकावी लागते आणि भाव पडतो. पुढचा घेणाराही दोन-तीन वर्षांत विकायच्याच बेतात असतो, मग आरटीओचे हेलपाटे कशाला? अशी गाडी तीन-चार हातांतून जाते आणि कागदावर मात्र पहिल्याच मालकाची राहते. गंमत अशी, की या साखळीतल्या प्रत्येकाचा यात थोडा थोडा फायदा असतो. तोटा फक्त एकाचा, तोही साखळीतून केव्हाच बाहेर पडलेल्याचा.

तोटा किती मोठा असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालातून कळते. प्रकरणातली मोटार २००७ मध्ये विकली गेली, पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि मे २००९ मध्ये तिचा जीवघेणा अपघात झाला. उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा भार शेवटच्या मालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम २ (३०) सांगते की ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. नोंद ज्याची, जबाबदारी त्याची. न्यायालयाची भूमिका मला पटते, कारण अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कुणाकुणाच्या हातून गेली हे शोधत दारोदार हिंडावे, अशी अपेक्षा करता येत नाही. पण याच निकालाचा दुसरा अर्थ असा, की दोन वर्षांपूर्वी गाडी देऊन मोकळा झालेला माणूस भरपाईला बांधलेला राहतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर तर हे आणखी गंभीर झाले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९ अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. मला माहीत नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच. आता कागदोपत्री मालक जर गाव सोडून गेलेला एखादा निवृत्त कारकून असेल आणि गाडी चौथ्या हातात, चौथ्याच्या सोळा वर्षांच्या पोराच्या बुडाखाली, तर काय होईल ते वाचकांनीच पाहावे. ई-चलनांचे तर विचारूच नका. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. एसएमएस येतो तो नोंदीतल्या मोबाइलवर. आणि १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीत स्फोट झाला, तिच्या हरियाणाच्या नंबरावरून पोलीस आधी पोचले ते अशा माणसाच्या दारात, ज्याने ती मोटार पूर्वीच विकलेली होती.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, कायद्यात तरतूद आहे की. आहे. कलम ५० सांगते की विकणाऱ्याने १४ दिवसांत, आणि गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ४५ दिवसांत, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे. घेणाऱ्याने ३० दिवसांत. पण विकणाऱ्याने कळवल्याने नोंदीतले नाव बदलत नाही. नाव बदलते ते घेणाऱ्याने अर्ज, कागद आणि फी दिल्यावर. म्हणजे कर्तव्य दोघांचे, किल्ली एकाच्याच हातात, आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला घाई करायचे काहीच कारण नाही. गाडी नंबरासकट चालते. पंपावर पेट्रोल मिळते, पीयूसी निघते, जुन्या नावावर विम्याचे नूतनीकरणही होऊन जाते. नाव बदलले नाही म्हणून त्याचे एकही काम अडत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम आणले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याचे पोर्टलवर कळवले की तो विक्रेता 'मानीव मालक' होतो, पुढची जबाबदारी त्याची. तरतूद चांगली आहे, पण ती अधिकृत विक्रेत्यापुरती. गॅरेजच्या बाकड्यावर, पानटपरीसमोर किंवा मेहुण्याच्या मित्रामार्फत होणाऱ्या व्यवहारांना तिचा काय उपयोग?

नंबर मालकाचा असेल तर हे सगळे गणित उलटते. विकणारा पाटी काढतो आणि गाडी त्या क्षणी रस्त्यावर आणण्याजोगी राहत नाही. आता घाई घेणाऱ्याला. तो स्वतःच्या नावावर नोंद करेपर्यंत गाडी दारात उभी. साखळीतला प्रत्येक दलाल, प्रत्येक मधला मालक एक तर नोंद करतो किंवा गाडी टेम्पोत घालून हलवतो. कोऱ्या ३० नंबरच्या फॉर्मची किंमत शून्य होते. यासाठी नवी शिक्षा लागत नाही, नवा निरीक्षक लागत नाही. आळसाचा आणि लोभाचा तोटा ज्याचा त्याला भोगावा लागतो, एवढेच.

हे काही मी एकट्याने बसून काढलेले डोके नाही. न्यू जर्सीत, जिथल्या एडिसनमध्ये आणि आसपास आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात, विकणारा पाट्या काढून घेतो. त्या दुसऱ्या गाडीवर चढवतो किंवा मोटार व्हेइकल कमिशनकडे जमा करतो. न्यूयॉर्कमध्येही पाट्या विकणाऱ्याकडे राहतात आणि तिथे तर पाटी परत करण्याआधी विमा बंद केला तर उलट दंड बसतो, इतकी जबाबदारी पाटीशी बांधलेली आहे. स्वित्झर्लंडमध्ये पाटी कँटन, म्हणजे तिथले राज्य, देते, माणसाला. एकाच पाटीवर आळीपाळीने दोन गाड्या चालवायचीही तिथे सोय आहे, पाटी ज्या गाडीवर असेल तीच रस्त्यावर. जर्मनीत गाडी विकल्यावर तोच नंबर पुढच्या गाडीसाठी राखता येतो, आणि १ जानेवारी २०१५ पासून जिल्हा बदलला तरी नंबर बदलावा लागत नाही. यातला एकही देश हिशेबात ढिला म्हणून प्रसिद्ध नाही.

मुख्य आक्षेप असा येतो की नंबर ही गाडीची ओळख आहे. तो बदलत राहिला तर चोरीची गाडी कशी सापडणार, अपघाताचा इतिहास कसा कळणार? ऐकायला ठाम वाटते. पण आपला कायदाच हे मानत नाही. कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिली की तिला त्या राज्याचा नवा नंबर घ्यावा लागतो. बेंगळुरूहून पुण्यात बदली होऊन आलेल्याची केए पासिंगची गाडी एमएच बारा होते, नागपूरची गाडी हैदराबादला गेली की टीजी होते. गाडी तीच, चासिस तीच, इतिहास तोच. आयुष्यभर न बदलणारी ओळख हवी म्हणूनच चासिस नंबर लोखंडात ठोकलेला असतो आणि 'वाहन' या केंद्रीय यंत्रणेत नोंद त्याच्याशी जोडलेली असते. बदलीच्या नोकरीसाठी केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका सुरू केली. हा नंबर राज्याशी न बांधता सगळीकडे चालतो. केंद्रीय कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांतले लोक यांच्या सोयीसाठी नंबराचे राज्याशी असलेले नाते तुटू शकते, तर सामान्य विक्रेत्याच्या सुरक्षिततेसाठी गाडीशी असलेले नाते का तुटू नये?

आक्षेपात तथ्य आहे ते दुसऱ्या जागी. ब्रिटनमध्ये नंबर गाडीवरून उतरवून ८० पौंड भरून राखून ठेवता येतो, दहा वर्षे. तिथे नंबराचा मोठा बाजार आहे आणि त्यातून काही लबाड्याही जन्माला आल्या. जुन्या नंबराने शोधले की गाडीचा इतिहास तुटक दिसतो, हीही तक्रार असते. पण त्यांनी नियम करून ठेवला आहे: गाडी आहे त्याहून नवी भासेल असा नंबर तिला लावायचा नाही. आपल्याकडेही जुनी गाडी घेणाऱ्याने नंबराऐवजी चासिसवरून इतिहास काढायची सवय लावून घ्यायला हवी, आणि तो इतिहास पोर्टलवर त्याला फुकट दिसायला हवा. आज एमएच बारा आणि मालिकेचे अक्षर बघून गाडीचे वय ताडणारे जुने जाणकार थोडे नाराज होतील, ते मी मान्य करतो.

एका प्रकारच्या गाड्यांना मात्र मी यातून वगळेन. पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम झाले आणि आधीपासून नोंदलेल्यांना मूळचा नंबर ठेवता आला. ते योग्यच आहे. मुंबईत नोंदलेल्या एखाद्या जुन्या फियाटवरचा तिचा मूळचा तीन अक्षरी नंबर हा त्या गाडीचाच असतो, कुठल्याच मालकाचा नाही.

खरी अडचण पाटीची आहे, आणि तिच्यावरून मला सहज उडी मारता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची झाली. तिच्यावर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती अशा लॉकने ठोकलेली असते की काढली तर लॉक तुटते, पुन्हा लागत नाही. म्हणजे आपण नंबर गाडीला चिकटवायची व्यवस्था नेमकी आत्ता, कोट्यवधी रुपये आणि माणसांचे तास खर्चून पुरी करतो आहोत. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना या पाट्या बसवायला दिलेली मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. लोकांना तारखा मिळेनात, केंद्रे अपुरी पडली. दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, यावरूनही कटकट झाली. अशा राज्यात प्रत्येक विक्रीला नवी पाटी म्हटले तर रांगा कुठवर जातील, हा प्रश्न ज्याने कधी आरटीओच्या खिडकीसमोर उभे राहून पाहिले आहे त्याला पडणारच.

माझे उत्तर असे की नंबर आणि पत्रा यांची फारकत करावी. विक्रीच्या दिवशी पोर्टलवर विकणाऱ्याने ओटीपीने नंबर सोडवून घ्यायचा. त्याच क्षणी चासिसपुढे 'विक्रीत' अशी नोंद पडायची आणि घेणाऱ्याच्या नावावर मोजक्या दिवसांचा तात्पुरता नंबर निघायचा. शोरूममधून नवी गाडी बाहेर पडताना तात्पुरती नोंदणी आपण देतोच. पक्की पाटी पंधरा दिवसांनी आली तरी चालेल, कारण जबाबदारी पाटी बदलल्यावर नव्हे तर नोंद बदलल्यावर सरकलेली असेल. विकणाऱ्याचा नंबर त्याच्या नावे वर्षभर राखीव, नव्या गाडीला लावला तर ठीक, नाही तर परत कोट्यात. फी सर्वांना एकच आणि ती दुचाकीवाल्याला परवडेल अशी. आठवडे बाजारात वीस हजारांना विकल्या जाणाऱ्या दुचाकीवर हजार रुपयांचा बोजा टाकला, तर लोक पुन्हा कोऱ्या फॉर्मकडेच वळतील, याची खात्री बाळगावी.

'मग बिननंबरच्या गाड्या सुसाट फिरतील' हाही एक सूर आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला ज्या आलिशान मोटारीने दोघांचा जीव घेतला, तिची पक्की नोंदणी १,७५८ रुपयांची फी न भरल्याने रखडलेली होती आणि ती तशीच रस्त्यावर होती. म्हणजे बिननंबरची गाडी आजही फिरते. फरक असा की पाटी नसलेली गाडी नाक्यावरच्या हवालदाराला लांबून दिसते, आणि दुसऱ्याच्या नावाची पाटी लावलेली गाडी कुणालाच दिसत नाही.

विम्यातून एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते रोज आपल्या डोळ्यांसमोर असून लक्षात येत नाही. 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की तो घेणाऱ्याला मिळत नाही, विकणारा प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीवर वापरतो. ५० टक्क्यांपर्यंतची ही सवलत आपण इतक्या सहज माणसाशी जोडली, कारण नीट गाडी चालवली ती माणसाने, मोटारीने नव्हे. मग वाईट गाडी चालवल्याचा दंड मात्र पाटीमागून जुन्या मालकाच्या दारात का यावा?

राहता राहिले चॉइस नंबरवाले. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये या नंबरांच्या फी वाढवल्या. चारचाकीला ०००१ साठी पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी सहा लाख, आणि चालू मालिकेबाहेरून हवा असेल तर १८ लाखांपर्यंत. त्याबरोबर असा नंबर पती-पत्नी आणि मुलांच्या नावे करायची मुभाही दिली. तिजोरीत पैसे येतात याला माझी ना नाही. पण बापाचा ०००१ मुलाकडे, मुलाचा नातवाकडे, हे सरळसरळ वतन झाले. पाटील-कुलकर्ण्यांची वतने आपण कायदे करून मोडीत काढली आणि साठ वर्षांनी आरटीओत नवी सुरू केली. नंबर हा सरकारने वापरायला दिलेला आकडा आहे. मालक हयात असेपर्यंत, त्याच्या नावावर गाडी असेपर्यंत तो त्याच्याकडे खुशाल असू द्या. पुढे तो परत यावा आणि पुन्हा लिलावात जावा, तिजोरीचेही त्यात भलेच आहे. ४१४१ अशी वळणे देऊन 'दादा' लिहिणाऱ्यांचा प्रश्न नव्या पाटीने आधीच निकालात काढला आहे, त्यांच्याबद्दल मला थोडे वाईट वाटते, पण थोडेच.

नंबर मालकाशी जोडायचा तर कलम ४१ आणि ५० मध्ये बदल लागतील आणि ते संसदेचे काम आहे. तोवर निदान कॅलिफोर्नियासारखे अर्धे पाऊल टाकता येईल. तिथे साधी पाटी गाडीसोबतच जाते, पण विकणाऱ्याने पाच दिवसांत विक्रीची सूचना खात्याला दिली की पुढच्या दंडातून आणि दाव्यांतून तो मोकळा होतो, घेणाऱ्याने नाव बदलले असो वा नसो. आपल्या विक्रेत्याची कलम ५० खालची सूचना आज फायलीत पडून राहते. ती पोर्टलवर आली की त्या नंबरापुढे खूण पडावी, ई-चलनाचा एसएमएस घेणाऱ्याने दिलेल्या मोबाइलवर जावा आणि ३० दिवसांनंतर जुन्या नावावर पीयूसी आणि विमा निघणे बंद व्हावे. तिसाव्या दिवसानंतर पीयूसी केंद्रावर गाडी अडली की एकतिसाव्या दिवशी घेणारा आपणहून आरटीओत दिसेल.